मागच्या दाराचा पडदा

लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयात देणे आणि परत घेणे, एवढेच मी आयुष्यभर केले. स्वतः एक पानही कधी लिहिले नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे आहे, त्या कोणी प्रसिद्ध व्यक्ती नव्हत्या, आणि मी त्यांचा नातलगही नव्हतो; केवळ शेजारी होतो. तरीही हे धाडस करीत आहे. त्यांच्याविषयी चार शब्द बोलण्याची एक संधी मला मिळाली होती, आणि त्या वेळी माझ्या तोंडून एकही शब्द फुटला नाही. तेव्हा जे राहिले, ते आता कागदावर उतरवीत आहे. वाक्ये अवघडलेली वाटली, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

विमल रामटेके कोणाच्याही घरी गेल्या, की खुर्चीवर बसत नसत. यजमान खुर्ची पुढे करीत, त्या ती हाताने बाजूला सारीत आणि सरळ जमिनीवर बसत. मग उजव्या हाताचा पंजा उलटा करून फरशीजवळ धरीत आणि क्षणभर डोळे मिटीत. चुलीवरचा तवा तापला की नाही, हे पाहणाऱ्या बाईसारख्या त्या दिसत. एवढे झाले की त्या घरातल्या कुत्र्याकडे, मांजराकडे किंवा पिंजऱ्यातल्या पाखरांकडे पाहत, आणि मगच यजमानांकडे. चहाचे, पाण्याचे, ख्यालीखुशालीचे सगळे त्यानंतर.

तिरोड्याजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवण्यात त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर त्या गोंदियाजवळ फुलचूरला आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरात राहायला आल्या. घरात त्या एकट्याच होत्या. वसाहतीतले सगळे त्यांना 'मॅडम' म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. त्यांचे बोलणे मात्र मॅडमसारखे नव्हते. "वर्गात उभी राहून लय शुद्ध बोलली जी," त्या म्हणत, "आता सुटी लागली. आता मायच्या भाषेत बोलतो." त्यांना जुना दमा होता. बोलता बोलता त्या मध्येच थांबत, श्वास गोळा करीत आणि वाक्य जिथे सोडले होते, तिथूनच पुढे नेत. त्या थांबल्या म्हणून समोरच्याने मध्ये बोललेले त्यांना चालत नसे.

आमची पहिली भेट झाली ती मे महिन्यातल्या एका दुपारी. नवतपा लागला होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की उन्हाळ्याच्या शेवटी आमच्याकडे जे सर्वांत कडक दिवस येतात, त्यांना नवतपा म्हणतात. त्या दिवसांत गोंदियाकडची घरे सकाळचा नाश्ता आटोपला की बंद होतात. दारे लागतात, खिडक्यांवर ओल्या चादरी येतात, एका खिडकीत कूलर घरघरत राहतो आणि संध्याकाळपर्यंत रस्त्यावर माणूस दिसत नाही. घर जितके बंद, तितके थंड, हा आमच्याकडचा सार्वत्रिक समज. मी तर तो इतरांपेक्षाही कसोशीने पाळीत असे. पत्नी गेल्यापासून उन्हाळा नसतानाही माझे घर बहुधा बंदच असे.

त्या बंद घरात माझ्याबरोबर राहत होता बोदल. माझी पत्नी कुसुम आणि मी एकदा बोदलकसाच्या तलावावर सहलीला गेलो होतो. मासे विकणाऱ्या बायकांच्या टोपल्यांजवळ एक पिल्लू घुटमळत होते. कुसुमने ते पदरात घेतले आणि परतीच्या वाटेवरच त्याचे नाव बोदल ठेवले. कुसुम गेली तेव्हा बोदल म्हातारपणाकडे झुकला होता. तिच्या हातची म्हणावी अशी जिवंत गोष्ट घरात ती एकच उरली होती. त्याला काही होऊ नये, याचीच चिंता मी दिवसभर वाहत असे. आणि त्या नवतप्यात त्याला काहीतरी होत होते. तो कूलरसमोर पडून राही, जीभ बाहेर लोंबे, बरगड्या भात्यासारख्या चालत. मी कूलरमध्ये पाणी वाढवले, पंखा सर्वांत वेगात केला, दारांखालच्या फटीत चिंध्या कोंबल्या. तो आणखी धापा टाकू लागला. मी स्वयंपाकघराची खिडकीही बंद केली.

अशा वेळी दार वाजले. डोक्याला ओला पंचा गुंडाळलेल्या एक बाई दारात उभ्या होत्या.

"मी शेवटच्या घरातली रामटेके," त्या म्हणाल्या. "माझ्या घरची लाइन गेली, पंखा-कूलर बंद आहे. थोडा वेळ बसू द्याल का जी?"

मी बाजूला झालो. त्या आत आल्या, दोन पावलांवर थबकल्या आणि छातीवर हात ठेवला. मला वाटले, उन्हामुळे त्यांना घेरी येत असावी. मी खुर्ची ओढली. त्या बोदलच्या शेजारी जमिनीवर बसल्या, उलटा पंजा फरशीजवळ धरला आणि डोळे मिटले.

"सर, हे घर काऊन असं डब्यावानी बंद करून ठेवलं?"

"बाहेर लू आहे," मी म्हणालो.

"बाहेर लू आहे, आन आत धोब्याची भट्टी आहे. मले आन तुमच्या कुत्र्याले एकच बिमारी होऊन राहिली. दोघायलेही श्वास पुरत नाई." त्या थांबल्या, श्वास घेतला. "मागचं दार कोणीकडं आहे?"

मागचे दार मी उन्हाळ्यात कधीच उघडीत नसे. त्याहूनही मोठी अडचण सांगताना मला संकोच वाटत होता. एकट्या पुरुषाच्या घरात एक अनोळखी बाई बसलेली, आणि दारे उघडायची किंवा लावायची हा प्रश्न. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा.

"उघडंच ठेवा," त्या म्हणाल्या. "दार उघडं असलं तं लोकंही बोलत नाईत आन कुत्रंही जगते. दोनी कामं होतेत."

मी मागचे दार वीतभर उघडले. त्यावर कुसुमने लावलेला सुती पडदा होता. आता उष्ण वारा आत शिरेल आणि पडदा आतल्या बाजूला फुगेल, अशी माझी पक्की खात्री होती. पडदा हलला, पण तो बाहेरच्या बाजूला फुगला.

"पाहा," मॅडम म्हणाल्या. "लू आत येऊन राहिली, का तुमची ओल बाहेर जाऊन राहिली?"

मग त्यांनी वर्गात समजावावे तसे मला समजावले. कूलर बाहेरची हवा पाण्यातून ओढून आत ढकलतो. त्या हवेला जायला वाट नसली, की खोलीत नुसती ओल साठते. आपल्याला घाम येतो आणि वारा तो वाळवतो, म्हणून आपल्याला पंख्याखाली बरे वाटते. "याले अंगभर घामच नाई येत, मंग पंखा काय वाळवन? हा जिभेनं वाळवते. आन ओल्या हवेत जीभ वाळत नाई. भर पावसाळ्यात दोरीवरचे कपडे वाळतेत का जी?" थोड्या वेळाने खोलीतला कोंदटपणा खरोखरच ओसरला. बोदलने जीभ आत घेतली, दोनदा ओठ चाटले आणि मान त्यांच्या मांडीजवळ टाकली. कितीतरी दिवसांनी मी त्याला तोंड मिटून झोपलेला पाहत होतो. मला त्यांना पाणी विचारायचेही सुचले नव्हते. ते त्यांनीच मागितले.

त्या दिवसापासून वसाहतीत त्यांचे फिरणे सुरू झाले. संध्याकाळी ऊन उतरले, की काठी टेकीत त्या एखाद्या घरी जात आणि जमिनीवर बसत. सुरुवातीला लोकांना हे खटकले. समोरचे कटरेकाका मला म्हणाले, "बाई खुर्चीचा मान ठेवत नाही." मॅडमच्या कानावर ते गेले. पुढच्या खेपेला त्या कटरेकाकांकडे गेल्या, जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, हवा तुमच्या खुर्चीवर लय छान आहे. मांजर खुर्चीवर बसते का तुमची?" कटरेकाकांनी मांजराकडे पाहिले. ते कूलरखालच्या ओल्या फरशीवर, वायरच्या वेटोळ्याला पाठ लावून झोपले होते. त्याच संध्याकाळी त्यांनी वायर भिंतीवर चढवून घेतली आणि मांजरासाठी पाण्याची वाटी कूलरपासून दूर, व्हरांड्यात ठेवली. "खाली बसून पाहा," एवढेच मॅडमचे सांगणे असे. ज्याचा त्रास समजून घ्यायचा, त्याच्या उंचीवर बसल्याशिवाय तो समजत नाही, असा त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला. त्या मात्र असे मोठे अर्थ काही सांगत नसत.

आमच्या ओळीत अंजूभाभी राहतात. त्यांच्या घरी हिंदी बोलतात. त्यांच्याकडे लव्हबर्ड्सची एक जोडी आहे. पाखरांना उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून भाभींनी पिंजरा अगदी कूलरच्या तोंडासमोर टांगला होता. पाखरे अंग फुगवून, माना आत ओढून दांडीच्या टोकाला बसलेली असत.

"मॅडम, इनको गर्मी नहीं लगती क्या?" भाभींनी विचारले. "इसीलिए तो सामने रखा है।"

"लगती है ना," मॅडम म्हणाल्या. "पर तुमको कोई दिनभर मुँह पे फूँक मारता रहे, तो कैसा लगेगा? हवा बाजू से जाने दो।"

भाभी हसत सुटल्या आणि पिंजरा आतल्या भिंतीशी गेला. पाखरांना संध्याकाळी खोलीत मोकळे सोडण्याची त्या घरात पद्धत होती. वर छताचा पंखा फिरत असे, आणि अजून काही झाले नव्हते म्हणून त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. मॅडमनी त्यावरही नियम घालून दिला. आजही भाभी पिंजऱ्याला हात लावण्यापूर्वी मोठ्याने विचारतात, "पंखा?" आतून त्यांच्या सासूबाईंचे "बंद" असे उत्तर आल्याशिवाय पिंजऱ्याचे दार सरकत नाही. सासूबाईंना ऐकू कमी येते. त्यामुळे हा संवाद संपूर्ण ओळीला ऐकू येतो.

मॅडमचे सगळेच बरोबर असे, असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांना स्वतःलाही ते आवडले नसते. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी असे ठरवले, की कुत्र्याच्या अंगावर ओला टॉवेल पांघरून ठेवावा. मी तसे केले. आणखी काही घरांतही तसे झाले. बोदलला त्याने बरे वाटेना, म्हणून आम्ही दोघे त्याला ऑटोत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर एक तरुण मुलगी होती. तिने टॉवेल उचलला, त्याखाली हात घातला आणि शांतपणे सांगितले, "पांघरून ठेवलेला टॉवेल थोड्या वेळानं गरम होतो आणि अंगातली उष्णता आतच कोंडतो. पोट आणि पंजे ओले करा, आणि त्यावर हवा लागू द्या."

मॅडमनी तो टॉवेल घडी करून काखेत धरला. परतताना ऑटो आमच्या ओळीत शिरला, तेव्हा त्यांनी तो पहिल्याच घराशी थांबवायला लावला. तिथून त्या ज्या ज्या घरी टॉवेलचे सांगून आल्या होत्या, त्या त्या घरी गेल्या. मी बोदलला धरून मागे मागे. प्रत्येक दारात त्या एकच वाक्य म्हणत होत्या, "मी सांगतलं होतं ते चुकलं. टॉवेल काढा, पोट ओलं करा."

कटरेकाकांनी त्यांना सावरून घेण्याचा प्रयत्न केला. "अहो मॅडम, तुम्ही शिक्षिका. तुमची कशी चूक होईल?"

"मास्तरीण आहो, म्हणून तं फळा पुसाची सवय आहे जी," त्या म्हणाल्या आणि पुढच्या घराकडे वळल्या.

पुस्तकांच्या सहवासात राहूनही हे मला कधी जमले नव्हते. चूक कळली, की ती मी मनात ठेवून देत असे आणि त्या माणसाला टाळत असे. मॅडमना मात्र टाळण्याइतका श्वासच जणू परवडत नव्हता.

आता ज्या दिवसाचे सांगायचे आहे, तो तिसऱ्या उन्हाळ्यातला. नवतप्यातच मला डोळ्यांच्या तपासणीसाठी नागपूरला जावे लागले. तारीख पुढे ढकलावी म्हणून मी खटपट केली, ती साधली नाही. बोदल आता फार थकला होता. मागचे पाय त्याला नीट उचलत नव्हते. त्याला दिवसभर एकटे ठेवणे शक्य नव्हते. मॅडम आपणहून म्हणाल्या, "माझ्याजवळ ठेवा. दोघं म्हातारे बसू बोलत."

मी पहाटेच्या गाडीने गेलो. दुपारी त्यांचा फोन लागेना. शेवटी अंजूभाभींना फोन केला. त्यांच्याकडून कळले, की आमच्या ओळीचा ट्रान्सफॉर्मर जळाला आहे आणि सकाळपासून कोणाच्याच घरी लाइन नाही. भाभी सासूबाईंना घेऊन गावात बहिणीकडे गेल्या होत्या. "मॅडम को बोला था चलो," त्या म्हणाल्या, "वो बोलीं, कुत्ते के साथ हूँ।"

परतीची गाडी कशी आली, ते मला आठवत नाही. कुसुमचा कुत्रा आणि दम्याची एक वयस्क बाई, आणि त्या दोघांवर ते पेटलेले आकाश. एवढेच डोक्यात होते. गोंदिया स्थानकावर उतरून मी ऑटो केला. डोळ्यांत औषध घातलेले असल्याने सगळे धूसर दिसत होते. ऊन कलले होते, पण रस्त्यावरून वाफ येतच होती. मॅडमचे पुढचे दार सताड उघडे होते. मी हाक मारली. उत्तर आले नाही. पुढच्या आणि मागच्या दाराच्या मध्ये त्यांच्या घरात एक अरुंद बोळ आहे. त्या बोळात जमिनीवर मला दोन आकृत्या शेजारी शेजारी पडलेल्या दिसल्या. एक पांढऱ्या लुगड्याची, एक तांबूस. दोन्ही हलत नव्हत्या.

मग पांढऱ्या आकृतीच्या वर काहीतरी सावकाश हलले, आणि पुन्हा हलले. तो शिंदीच्या पानाचा हातपंखा होता.

"आले का सर?" जमिनीवरूनच आवाज आला. "डोळे काय म्हणतेत?"

मी खाली बसलो. त्यांच्याच पद्धतीने, हे मागाहून लक्षात आले. फरशी ओली होती. बोदलचे पोट आणि पंजे ओले होते, त्यावर पंख्याचा वारा पडत होता, आणि तो शांतपणे श्वास घेत होता. मॅडमच्या एका हातात पंखा आणि दुसऱ्या हातात दम्याचा पंप होता.

"तुम्ही भाभींबरोबर का गेला नाहीत?" मी विचारले.

"भाच्याचाही फोन आला होता तिरोड्याहून. मावशी, गाडी पाठवतो, म्हणे, कुत्र्याले राहू दे. म्या म्हटलं, सरानं सांभाळाले देलं, राहू दे कसं?" त्या थांबल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. "वीज बनते आमच्या तिरोड्यात, आन पंखा हलवा लागते फुलचूरले. मजा आहे ना?"

मला हसू आले नाही. त्या मात्र हसल्या, आणि मग दुपारी काय घडले ते सांगितले. लाइन गेल्यावर त्या बोदलला घेऊन पुढच्या खोलीत बसल्या होत्या. तीच त्यांना सर्वांत थंड वाटत होती. हळूहळू त्यांचा श्वास अडकू लागला. पंप हाताला लागेना, उठता येईना. तेव्हा बोदल, ज्याला मागचे पाय उचलत नव्हते, तो घसटत घसटत निघाला आणि बोळात, मागच्या दाराच्या उंबऱ्याशी जाऊन आडवा झाला. त्याला काही झाले की काय, या भीतीने त्या त्याच्यामागे रांगत गेल्या. तिथे जमिनीलगत हवेची एक बारीक धार वाहत होती. न्हाणीच्या ओल्या भिंतीवरून येणारी, आणि उभ्या माणसाला कधी कळणार नाही इतकी खालून. त्या तिथेच पडून राहिल्या. श्वास मोकळा झाला. पंप बोळातल्याच कोनाड्यात होता.

"दुनियेले सांगत फिरली, खाली बसून पाहा, खाली बसून पाहा," त्या म्हणाल्या. "आन स्वतःवर येऊन पडलं, तं पलंगावर बसून राहिली. यानं जागा दाखवली मले. मंग म्या दिवसभर त्याले पंखा घातला. आता कोणं कोणाले सांभाळलं, हे तुमीच ठरवा."

मी पंखा त्यांच्या हातातून घेतला. लाइन येईपर्यंत आम्ही तिघे त्या बोळात बसून होतो. मी कोणाच्याही घरी इतका वेळ बसल्याचे मला आठवत नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्यांचा दमा बळावला. संध्याकाळचे फिरणे थांबले. मग दवाखाना सुरू झाला. मी भेटायला जात असे, खाटेजवळच्या स्टुलावर बसत असे आणि काय बोलावे ते न सुचून गप्प राहत असे. त्यांना त्याचे काही वाटत नसे. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारले, "बोदल कसा आहे?"

"बरा आहे. उन्हात झोपतो."

"आन मागचं दार?"

"हिवाळा आहे मॅडम. बंद आहे."

"हिवाळ्यात राहू द्या बंद," त्या म्हणाल्या. श्वास गोळा केला. मी मध्ये बोललो नाही. "मार्चात विसरू नका."

उन्हाळा लागण्याआधीच त्या गेल्या. त्यांच्या भाच्याने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्याच घरी ठेवला होता. मंडपात सतरंजी अंथरली होती आणि आम्हा वयस्कर मंडळींसाठी भिंतीकडेने खुर्च्या लावल्या होत्या. सर्वांत आधी अंजूभाभींच्या सासूबाई आल्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिले, सुनेचा हात धरला आणि सावकाश खाली सतरंजीवर बसल्या. मग कटरेकाका बसले. त्यानंतर आलेला कोणीच खुर्चीकडे गेला नाही. भंतेजींनी त्रिसरण आणि पंचशील दिले. त्यानंतर भाच्याने, मावशी तुमच्याविषयी नेहमी बोलायची, असे सांगून मला दोन शब्द बोलण्याची विनंती केली. मी उभा राहिलो. समोर सगळी वसाहत जमिनीवर बसलेली होती. मी हात जोडले आणि खाली बसलो. प्रारंभी ज्या संधीचा उल्लेख केला, ती ही.

बोलता आले असते, तर मी एवढेच सांगितले असते, की या बाईंनी माझ्या कुत्र्याचे तीन उन्हाळे वाचवले. आणि मला माझ्याच घरात नीट श्वास घेता येऊ लागला, तोही त्यांच्यामुळेच. त्यांचे आभार मानायचे माझ्याकडून राहून गेले. त्या असत्या, तर "आभार कायचे जी, पाणी द्या," असे म्हणाल्या असत्या, हेही मला ठाऊक आहे.

बोदल अजून आहे. त्याला आता फारसे दिसत नाही. मार्चात मी मागचे दार वीतभर उघडले. कूलर लावला, आणि पडदा बाहेरच्या बाजूला फुगला. कुसुमचा तो पडदा आता विरला आहे, पण बदलावासा वाटत नाही. दुपारी मी बोदलशेजारी जमिनीवर बसतो. खुर्ची असते, तिच्यावर बहुतेक वेळा वर्तमानपत्र असते.

गेल्या आठवड्यात मॅडमच्या घरात एक नवे जोडपे राहायला आले. त्यांच्याकडे लांब केसांचे एक मांजर आहे. त्या सकाळी त्यांचा कूलर गाडीतून उतरताना मी पाहिला. त्यांनी तो खिडकीत न लावता खोलीच्या मधोमध ठेवला आणि दारे लावून घेतली. दुपारभर मी अस्वस्थ होतो. कोणाच्या घरी न बोलावता जाणे मला जन्मात जमलेले नाही. संध्याकाळी मी त्यांच्या फाटकाशी गेलो, परत आलो, आणि पुन्हा गेलो. दार उघडणाऱ्या, त्या जोडप्यातल्या तरुण मुलीने माझी ओळख विचारून आदराने खुर्ची पुढे केली.

"सर, बसा ना."

"बसतो," मी म्हणालो. "आधी जरा खाली बसून पाहतो."

फरशी ओलसर होती आणि हवा जड होती. मांजर कूलरसमोर तोंड उघडे टाकून पडले होते. ती मुलगी गोंधळून माझ्याकडे पाहत होती, आणि माझे कान तापले होते. पण बोळाच्या पलीकडे असलेले ते मागचे दार मला ठाऊक होते. ते उघडू का, असे मी तिला विचारले.

आपल्याही घरी अशी दुपार होत असेल. कूलर चालू असेल, कोणीतरी मुके जनावर त्याच्यासमोर पडलेले असेल. त्या वेळी आपल्या घराचे मागचे दार उघडे असते का?